शब्दकोड्यात अडलेला शब्द: 'सारंग'चा अर्थ आणि प्रयोग पायरीपायरीने निश्चित करण्याची पद्धत

शब्दकोड्यात अपरिचित शब्द अडला की बहुतेक जण कोश उघडतात, दिलेल्या सूत्राशी, म्हणजे शब्द ओळखण्यासाठी दिलेल्या वर्णनाशी, जुळणारा पहिला अर्थ दिसताच तो शब्द घरांत भरतात आणि पुढे जातात. नंतर एखादा उभा शब्द बसेनासा होतो, तेव्हा त्या उभ्या शब्दावर शंका घेतली जाते आणि बरोबर असलेले उत्तर खोडले जाते. अशा वेळी कोश चुकलेला नसतो, कोश उघडण्याची वेळ आणि नोंद वाचण्याची रीत चुकलेली असते. हा क्रम नेमका कसा असावा, हे येथे 'सारंग' हा एकच शब्द शेवटपर्यंत हाताळून दाखवले आहे.

हा शब्द मुद्दाम निवडला आहे. तो तीनच घरांचा आहे, व्यक्तिनाम म्हणून सर्वांच्या कानावरून गेलेला आहे आणि तरीही त्याचे अर्थ विचारले तर 'एक राग' यापुढे फारसे कोणी जात नाही. प्रत्यक्षात चातक, हरीण, चित्रविचित्र रंगाचा, दुपारी गायचा राग आणि गलबतावरचा प्रमुख नाविक, असे परस्परांशी अजिबात संबंध नसलेले अर्थ त्याला आहेत. त्यांतील शेवटचा अर्थ तर मुळात दुसऱ्याच भाषेतून आलेल्या दुसऱ्याच शब्दाचा आहे.

पूर्वतयारी: काय जवळ हवे

पेन्सिल, खोडरबर आणि कच्च्या कामासाठी वेगळा कागद हवा. घरांतच उमेदवार शब्द लिहून पाहण्याची सवय सोडावी, कारण एकदा घरात लिहिलेला शब्द डोळ्यांना बरोबरच वाटू लागतो आणि दुसरा पर्याय सुचणे थांबते.

कोश किमान तीन प्रकारचे लागतात. पहिला मराठीतून मराठीत अर्थ देणारा; त्यासाठी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आजही सर्वांत भरवशाचा आहे. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आणि पुरवणी १९५० मध्ये निघाली. दुसरा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. तो पहिल्यांदा १८३१ मध्ये आणि सुधारून १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात बोलण्यात असलेले आणि आता मागे पडलेले अर्थ त्यात हमखास सापडतात. तिसरा संस्कृत कोश: आपट्यांचा किंवा मोनियर-विल्यम्सचा, आणि सोबत अमरकोश, म्हणजे समानार्थी शब्दांचा जुना संस्कृत कोश. पहिले दोन कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशसंग्रहात संगणकावरही शोधता येतात.

तीन कोश लागतात, कारण ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मराठीत हा शब्द कसा वापरला गेला, लोकांच्या तोंडी तो कोणत्या अर्थाने होता आणि संस्कृतात त्याचा पसारा किती होता, हे तीन प्रश्न एकाच कोशाकडून सुटत नाहीत. एकाच कोशावर विसंबणाऱ्याला 'सारंग'चा निम्मा अर्थही हाती लागत नाही.

> इशारा: पहिल्या तीन पायऱ्या पूर्ण होईपर्यंत कोश बंद ठेवावा. आधी उघडलेला कोश आपल्याला एका अर्थाशी बांधून टाकतो.

पायरी १: घरे मोजणे

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार त्याच घरात राहतात आणि जोडाक्षरही एकाच घरात मावते. त्यानुसार 'सारंग' म्हणजे सा, रं, ग अशी तीन घरे. ही मोजणी सोपी वाटते, पण या शब्दाच्या सख्ख्या शेजाऱ्यांवर ती करून पाहिल्यास तिचे महत्त्व कळते. विष्णूच्या धनुष्याचे मूळ संस्कृत नाव 'शार्ङ्ग' आहे. त्यात शा आणि र्ङ्ग अशी दोनच घरे आहेत. त्याच धनुष्याचे मराठीत रुळलेले 'शारंग' हे रूप मात्र तीन घरे घेते. 'दर्यासारंग' पाच घरांचा आहे आणि 'सारंगी' पुन्हा तीन घरांचा, पण शेवटचे घर 'ग' नसून 'गी' आहे.

म्हणून सूत्र 'विष्णूचे धनुष्य' असे असेल तर दोन घरे आहेत की तीन, यावरूनच संस्कृत रूप भरायचे की मराठी, हे ठरते. अर्थ तोच आणि वस्तूही तीच असते, तरी उत्तर बदलते.

> तपासणी: घरांची संख्या आणि उमेदवार शब्दाची अक्षरे कागदावर अलग अलग लिहून जुळवावीत. मनातल्या मनात मोजताना जोडाक्षर दोनदा मोजले जाण्याची चूक फार होते.

पायरी २: सूत्राची जात ओळखणे

सूत्र म्हणजे शब्द ओळखण्यासाठी दिलेला अर्थ किंवा वर्णन. ते वाचताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न असा की हे नाम मागते आहे की विशेषण. 'चातक' हे सूत्र नाम मागते, 'ठिपकेदार, रंगीबेरंगी' हे विशेषण मागते आणि 'सारंग' दोन्हीकडे बसतो. या लवचीकपणामुळेच तो कोडे रचणाऱ्यांना सोयीचा आणि सोडवणाऱ्यांना अवघड जातो.

त्यानंतर सूत्र समानार्थी शब्द देते आहे की केवळ प्रकार सांगते आहे, हे पाहावे. 'हरीण' हे समानार्थी सूत्र आहे, तर 'एक राग' हे प्रकार सांगणारे. प्रकार सांगणाऱ्या सूत्राला तीन घरांची डझनभर उत्तरे असू शकतात (भैरव, मल्हार, बसंत, बिहाग, सारंग), म्हणून अशा सूत्रावर पहिल्या फेरीत वेळ घालवू नये; आडव्या-उभ्या शब्दांतून एखादे अक्षर मिळाल्यावरच त्याकडे वळावे. सूत्रात 'दुपारी गायचा' एवढा तपशील असेल तर परिस्थिती पालटते, कारण वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग हे सारंगाचे प्रकार दुपारचे म्हणूनच ओळखले जातात.

लिंग आणि वचन यांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. सूत्रातला शब्द नपुंसकलिंगी असेल तर उत्तरही नपुंसकलिंगी हवे, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. मराठीत 'ते हरीण' म्हणतात, 'सारंग' मात्र पुल्लिंगी आहे, आणि तरीही एक दुसऱ्याचे उत्तर होऊ शकते. लिंग जुळावे लागते ते सूत्रात 'मादी', 'नर', 'स्त्री' असे स्पष्ट शब्द असतील किंवा विशेषणाचे रूप लिंग दाखवत असेल तेव्हाच. वचनाच्या बाबतीतही अकारांत पुल्लिंगी नामाचे अनेकवचन तसेच राहते, एक सारंग आणि अनेक सारंग, त्यामुळे 'हरणे' या सूत्रालाही हे उत्तर चालते.

पायरी ३: स्पर्धक शब्दांची यादी करणे

सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात. खरे तर ती पायरी गाळलीच जाते, आणि चुका तेथूनच सुरू होतात. एक शब्द सुचला की त्याच सूत्राला, तितक्याच घरांत बसणारे दुसरे शब्द आहेत का, हे शोधण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

'हरीण' हे सूत्र आणि तीन घरे घ्या. पहिला स्पर्धक 'कुरंग'. आता 'कुरंग' आणि 'सारंग' एकाखाली एक लिहून पाहा: दुसरे घर 'रं', तिसरे घर 'ग', दोन्हीकडे सारखे. म्हणजे उभ्या शब्दांतून दुसरे आणि तिसरे अक्षर मिळाले तरी उत्तर ठरत नाही, आणि तीनपैकी दोन अक्षरे जुळली म्हणून निर्धास्तपणे शब्द भरणारा हटकून फसतो. येथे निर्णय फक्त पहिल्या घरावर आहे. त्या घरातून जाणारा उभा शब्द 'सागर' असेल तर सारंग, 'कुमुद' असेल तर कुरंग. आणि त्या घरातून उभा शब्द जातच नसेल तर इतर पुराव्याकडे वळावे लागते. तिसरा स्पर्धक 'वातायू', म्हणजे अमरकोशातला हरणाचा पर्याय 'वातायु'. तो फार क्वचित येतो, पण यादीत असू द्यावा.

'चातक' या सूत्रासाठी परिस्थिती अधिक सुखाची आहे. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील सिंहादिवर्गात चातकासाठी 'सारंग' आणि 'स्तोकक' हे दोन पर्याय सोबत दिले आहेत. दोन्ही तीन घरांचे आहेत, पण एकही अक्षर सारखे नाही, म्हणून कोणत्याही एका घरातले अक्षर मिळाले की प्रश्न मिटतो.

सूत्र 'हत्ती' असेल तर 'मातंग', 'कुंजर', 'वारण' आणि 'सारंग' असे चार उमेदवार उभे राहतात. त्यांतील मातंग आणि सारंग शेवटच्या घरात सारखे आहेत आणि पहिल्या घरात दोघांनाही काना आहे. घाईत 'मा' आणि 'सा' यांतला फरक नजरेतून सुटतो. 'भुंगा' या सूत्राला भ्रमर, मधुप, मिलिंद आणि सारंग. 'पक्षी' असे मोघम सूत्र असेल तर आधी 'विहंग' तपासावा, कारण सारंग हा विशिष्ट पक्षी आहे आणि मोघम सूत्राला विशिष्ट उत्तर देणे हे रचनेतले न्यून मानले जाते.

याच घराण्यातले तुरंग (घोडा), तरंग (लाट), सुरंग आणि श्रीरंग (विष्णू) हेही 'रं' आणि 'ग' या दोन घरांत सारखे आहेत. सूत्र वेगळे असल्याने ते सारंगचे स्पर्धक नाहीत. पण पुसट झालेल्या कोड्यात किंवा सूत्राचा क्रमांक चुकून वाचला गेल्यास ते फसवतात, म्हणून त्यांची ओळख असावी.

> इशारा: यादीत एकच शब्द असेल तर ती यादी अपुरी आहे असे समजून आणखी एकदा विचार करावा. स्पर्धक नसलेला शब्द क्वचितच असतो.

पायरी ४: कोशात शब्द सापडवणे

आता कोश उघडावा आणि तोही ठरलेल्या क्रमाने: आधी मराठी कोश, मग मोल्सवर्थ, मग संस्कृत. क्रम उलटा केला तर संस्कृतातले वीस-पंचवीस अर्थ डोक्यात बसतात आणि मराठीत त्यांतले कोणते चालतात हा विचार मागे पडतो.

शब्द कोशात नाही, असे जेव्हा वाटते तेव्हा तो बहुधा दुसऱ्या जागी असतो. संस्कृत कोशांत हा शब्द अनुस्वार न देता 'सारङ्ग' असा छापलेला असतो आणि त्याची जागा 'ङ्' या वर्णाच्या क्रमाने ठरते. म्हणून 'सारं' जवळ न सापडल्यास 'सारङ्' पाशी पाहावे. संगणकावर शोधताना ही अडचण अधिक जाचक होते, कारण यंत्राच्या दृष्टीने 'सारंग' आणि 'सारङ्ग' हे पूर्णपणे वेगळे शब्द आहेत. एका रूपाने शोध घेतला आणि काही आले नाही, तर दुसऱ्या रूपाने पुन्हा शोधावे. त्यानंतर 'शारंग' आणि 'शार्ङ्ग' या रूपांनीही शोधावे.

अमरकोश वेगळ्या रीतीने वापरावा लागतो. तो अकारविल्हे लावलेला नाही. वस्तूचे नाव माहीत असेल तर त्या विषयाच्या वर्गात जावे. हरीण आणि चातक दोन्ही सिंहादिवर्गात आहेत. उलट शब्द माहीत असून त्याचे वेगवेगळे अर्थ हवे असतील तर तिसऱ्या कांडातील नानार्थवर्ग पाहावा. तेथे शब्द शेवटच्या व्यंजनाप्रमाणे लावलेले आहेत: आधी 'क'ने संपणारे, मग 'ख'ने, मग 'ग'ने. सारंग 'ग'च्या गटात मिळतो. शेवटचे घर भरलेले आणि पहिले रिकामे असलेल्या कोडे सोडवणाऱ्यासाठी ही रचना जणू मुद्दाम केल्यासारखी उपयोगी पडते, आणि तरीही तिचा लाभ घेणारे थोडे.

पायरी ५: नोंद शेवटपर्यंत वाचणे

कोशातील नोंद म्हणजे केवळ अर्थांची यादी नव्हे. शब्दानंतर त्याची जात आणि लिंग येते, मूळ भाषेची खूण येते, मग अर्थ येतात आणि पुष्कळदा प्रयोगाचे उदाहरण. यांतील प्रत्येक भाग वाचल्याशिवाय नोंद वाचली असे म्हणू नये.

मूळ भाषेची खूण का महत्त्वाची, हे 'सारंग'वरून चांगले दिसते. चातक, हरीण, चित्रविचित्र हे अर्थ संस्कृत शब्दाचे आहेत. गलबतावरचा प्रमुख या अर्थाचा 'सारंग' फारसी 'सरहंग' या शब्दापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ पथकाचा नायक. शिवाजी महाराजांच्या आरमारातील 'दर्यासारंग' या नावात हाच फारसी शब्द आहे, आणि त्याची फोड 'समुद्रावरचा हरीण' अशी करणे ही शुद्ध चूक आहे. लिखाण एक आणि उगम दोन, असे असते तेव्हा एका उगमाचा अर्थ दुसऱ्याच्या सामासिक शब्दात घुसवता येत नाही.

अमरकोशाची नानार्थवर्गातील नोंद एका ओळीच्या तुकड्यात संपते, पण तिच्यातले दोन लहान शब्द पाहण्यासारखे आहेत. चातक आणि हरीण या अर्थांसोबत 'पुंसि' आहे, म्हणजे या अर्थी शब्द पुल्लिंगी नाम आहे. 'शबल' म्हणजे ठिपकेदार, या अर्थासोबत 'त्रिषु' आहे, म्हणजे तो तिन्ही लिंगांत चालतो. तिन्ही लिंगांत चालणे म्हणजे विशेषण असणे. नाम की विशेषण हा दुसऱ्या पायरीवर विचारलेला प्रश्न येथे कोशाच्याच शब्दांत सुटतो.

व्याकरणातही या शब्दाची एक स्वतंत्र दखल आहे. 'सार' आणि 'अंग' यांचा संधी नेहमीच्या नियमाने 'सारांग' असा व्हायला हवा. परंतु पशू किंवा पक्षी हा अर्थ असेल तेव्हा 'सारंग' असे रूप होते आणि अन्य अर्थी 'सारांग' राहते, असे वैयाकरण सांगतात. कोड्यात मधल्या घरात 'रां' मिळाला तर तो छापील दोष आहे असे मानण्याआधी ही गोष्ट आठवावी.

मोठ्या संस्कृत कोशांत यापलीकडे मेघ, शंख, कमळ, कापूर, सोने, रात्र असे अर्थही दिसतात. येथे मोनियर-विल्यम्सची एक सोय ध्यानात ठेवावी: जे अर्थ केवळ जुन्या कोशकारांनी नोंदवलेले आहेत आणि ग्रंथांत प्रत्यक्ष वापरलेले आढळत नाहीत, त्यांपुढे तो 'एल्' या अक्षराची खूण करतो. ही खूण असलेल्या अर्थावर एकट्याने विसंबून शब्द भरू नये.

> तपासणी: नोंद वाचून झाल्यावर कागदावर चार गोष्टी आल्या पाहिजेत: जात, लिंग, मूळ भाषा आणि सूत्राशी जुळणारा नेमका अर्थ. यांपैकी एखादी राहिली असेल तर नोंद पुन्हा वाचावी.

पायरी ६: प्रत्यक्ष प्रयोग शोधणे

अर्थ कोशात आहे म्हणजे तो वापरात आहे असे नाही. शब्द कोणी, कोठे, कोणत्या संदर्भात वापरला, हे पाहिल्यावरच अर्थ पक्का होतो. कोडे सोडवणाऱ्याला ही मेहनत अनावश्यक वाटते, पण समान घरांचे दोन उमेदवार उरले असता तिच्यावाचून गत्यंतर नसते.

हरीण या अर्थाचा निःसंशय प्रयोग कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'च्या प्रस्तावनेत आहे. नटीच्या गाण्याने आपण असे खेचले गेलो, जसा हा दुष्यंत राजा वेगवान सारंगामुळे, असे सूत्रधार म्हणतो. येथे सारंग म्हणजे चातक का नव्हे? कारण पुढे लगेच राजा रथातून शिरतो आणि सारथी ज्या प्राण्याकडे पाहून बोलतो त्याला 'कृष्णसार' म्हणतो, म्हणजे काळवीट. शब्दाचा अर्थ त्या शब्दाच्या वाक्यात न शोधता पुढच्या चार ओळींत शोधावा लागतो, हे येथे ठळकपणे दिसते.

याच कवीच्या 'मेघदूता'त मात्र संदर्भ असा मदतीला येत नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर कदंबाची फुले पाहत, कोवळे कोंब खात आणि भिजलेल्या जमिनीचा वास घेत जाणारे सारंग मेघाचा मार्ग दाखवतील, असे तेथे म्हटले आहे. हे सारंग कोण? टीकाकार मल्लिनाथ हत्ती, हरीण किंवा भुंगे असे तिन्ही पर्याय देतो आणि 'विश्व' नावाच्या जुन्या कोशाचा आधार घेतो. फुलांकडे पाहिले तर भुंगा सुचतो, कोंब खाण्याकडे पाहिले तर हरीण, मातीचा वास घेण्याकडे पाहिले तर हत्ती. म्हणून हा प्रयोग शब्द वापरात होता याचा पुरावा आहे, पण तो एका अर्थाचा पुरावा म्हणून वापरू नये. असे दुहेरी प्रयोग बाजूला काढून ठेवणे हीदेखील या पायरीची कामगिरी आहे.

मराठी संतकाव्यात 'सारंगधर' आणि 'सारंगपाणी' ही विठ्ठलाची, म्हणजे विष्णूची, नावे वारंवार भेटतात. ती 'शार्ङ्ग' या धनुष्यावरून आली आहेत. 'शा'चा 'सा' झाला आहे इतकेच. हातात हरीण धरणारा म्हणून सारंगपाणी म्हणजे शंकर, अशी फोड करून पाच घरांचे उत्तर चुकवणारे पुष्कळ भेटतात. 'विष्णू' हे सूत्र आणि पाच घरे असतील तर 'शारंगपाणी' आणि 'सारंगपाणी' ही दोन्ही रूपे मनात ठेवून पहिल्या घरातल्या अक्षराची वाट पाहावी.

पायरी ७: छेदणाऱ्या शब्दांनी खातरजमा करून शब्द भरणे

आडवा आणि उभा शब्द जेथे एकमेकांना छेदतात त्या घरातले अक्षर दोन्हीकडे तंतोतंत सारखे असावे लागते, अनुस्वारासह. सारंगच्या मधल्या घरातून 'रंजन' किंवा 'नारंगी' जाऊ शकतो, 'रजनी' जाऊ शकत नाही. काही कोडे रचणारे अनुस्वाराकडे आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे कानाडोळा करतात, पण ही सवलत त्या कोड्यात खरोखर आहे की नाही, हे आधी पक्क्या झालेल्या इतर छेदांवरून ठरवावे. आपला आवडता शब्द बसवण्यासाठी सवलत गृहीत धरू नये.

ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करताना संस्कृत कोशातले रूप आणि मराठी लेखनातले रूप यांत फरक असतो, हे विसरू नये. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार मराठीत दीर्घ लिहिले जातात, म्हणून 'हरि' हा 'हरी' होतो आणि 'वातायु' हा 'वातायू'. जुन्या कोड्यांच्या संग्रहात मात्र ऱ्हस्व रूपे आढळतात.

शब्द पेनाने भरण्यापूर्वी किमान दोन घरांतील छेद जुळलेले असावेत, आणि त्यांतला एक तरी असा असावा जो स्पर्धक शब्दाला बाद करतो. हरीण या सूत्राला 'रं' आणि 'ग' हे दोन छेद जुळले तरी ते पुरेसे नाहीत, 'सा' हा एकटा छेद मात्र त्या दोघांपेक्षा मोलाचा आहे. छेदांची संख्या मोजण्यापेक्षा कोणता छेद कोणाला बाद करतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

> इशारा: शब्द बसला पण सूत्राचा अर्थ कोणत्याही कोशात मिळाला नाही, तर तो पेन्सिलीनेच राहू द्यावा.

पायरी ८: सुटलेला शब्द लेखनात वापरणे

इतक्या कष्टाने मिळवलेला शब्द वहीत बंद ठेवण्यासाठी नसतो, पण तो वापरताना आजच्या वाचकाला काय ऐकू येईल याचे भान ठेवावे. आजच्या मराठी गद्यात एकटा 'सारंग' आला की वाचकाला राग किंवा माणसाचे नाव आठवते. त्यामुळे 'माळावर दोन सारंग चरत होते' हे वाक्य चुकीचे नसले तरी क्षणभर अडखळायला लावते. 'चाहूल लागताच सारंगांचा कळप कान टवकारून उभा राहिला' असे लिहिले तर 'कळप' आणि 'कान' हे शब्द अर्थ उचलून धरतात आणि अडखळणे राहत नाही. चातक या अर्थी वापरताना पावसाची किंवा तहानेची सोबत द्यावी: 'आभाळाकडे डोळे लावून बसलेला सारंग अजून तहानलेलाच होता.'

विशेषण म्हणून हा शब्द गद्यात टाळलेला बरा. 'सारंग पाखरू' असे म्हटल्यावर ठिपकेदार पाखरू कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. स्त्रीलिंगी रूप तर आणखी अवघड, कारण संस्कृतात 'सारंगी' म्हणजे हरिणी होत असली तरी मराठी वाचक वाद्यच ऐकणार. नाविक या अर्थी मात्र समुद्रावरच्या प्रसंगात तो सहज बसतो: 'सारंगाने शिडे उतरवण्याचा हुकूम दिला.'

ज्यांना स्वतः कोडे रचायचे आहे, त्यांनी 'सारंग'साठी 'हरीण' एवढेच सूत्र दिल्यास पहिले घर छेदातून मिळेल याची व्यवस्था करावी, नाहीतर कुरंग लिहिणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. 'चातक किंवा हरीण' असे दुहेरी सूत्र दिले तर स्पर्धक उरत नाही.

वहीतली नोंद

शब्द सुटल्यावर त्याच दिवशी नोंद करावी. नोंदीचा नमुना असा: सारंग, तीन घरे, पुल्लिंगी नाम, संस्कृत: चातक, हरीण, तसेच हत्ती आणि भुंगा, विशेषण, संस्कृत: चित्रविचित्र रंगाचा, पुल्लिंगी नाम: दुपारचा राग, पुल्लिंगी नाम, फारसी: गलबताचा प्रमुख. त्याखाली स्पर्धक: कुरंग, वातायू, स्तोकक, मातंग, मिलिंद. त्याखाली गल्लत होणारी रूपे: शारंग, शार्ङ्ग, सारंगी, सारांग. ज्या अर्थाचा प्रयोग स्वतः वाचलेला आहे त्यापुढे ग्रंथाचे नाव लिहावे आणि ज्या अर्थासाठी केवळ कोशाचा आधार आहे त्यापुढे 'को.' अशी खूण करावी; पुढे त्या अर्थाचा प्रयोग वाचनात आला की खूण खोडून तेथे ग्रंथाचे नाव घालावे.